प्लेसमेंटचा टक्का ऐकलात? आता छेद विचारा

तरुणांना नोकरी मिळवून देणारे कार्यक्रम कितपत उपयोगी पडतात, हे तपासायचं माझं काम. या क्षेत्रात नवीन येणारे बहुतेक जण स्टॅटिस्टिक्स पक्कं करून येतात आणि पहिल्याच एक्सेल फाइलपाशी अडतात. मीही अडलो होतो.

त्या फाइलमध्ये 'प्लेसमेंट: होय' असा रकाना होता. 'होय' म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं मला सुचलंच नाही. पडताळणीसाठी फोन करायला बसलो तेव्हा एकेक उलगडत गेलं. एकीला ऑफर लेटर मिळालं होतं, पण ती रुजूच झाली नव्हती. एक जण नवव्या दिवशी काम सोडून घरी परतला होता. तिसरा फोन उचलला तो प्रशिक्षण केंद्रातल्याच माणसाने. मग यादी नंबरांच्या क्रमाने लावली, तर तोच नंबर अकरा मुलांपुढे! तेव्हापासून कुठलीही यादी आली की आधी हेच करतो. भल्याभल्या फाइलींचं पितळ इथेच उघडं पडतं.

दुसरी गोष्ट छेदाची. समजा 100 जणांनी नाव नोंदवलं, 60 जणांनी कोर्स पुरा केला, त्यातल्या 45 जणांना नोकरी लागली. टक्का 75 की 45? हिशेब दोन्ही बरोबर. अहवालात कुठला छापतात, ते वेगळं सांगायला नको. सहा महिन्यांनी टिकलेले किती, हा रकाना तर बहुतेक वेळा कोराच असतो.

पण खरा प्रश्न याच्याही पुढचा: कार्यक्रम नसता तर यांतल्या किती जणांना नोकरी लागलीच असती? विकसनशील देशांतल्या अभ्यासांचा आढावा अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी 2017 मध्ये घेतला. व्यवसाय प्रशिक्षण देऊ केलेल्या दर 100 जणांमागे, एरवी मिळाली नसती अशी नोकरी मिळालेले तीनहूनही कमी निघाले. नुसती आधी-नंतरची तुलना करून हे कळत नाही. माणूस अशा कार्यक्रमात येतो तोच बहुधा कमाई घसरलेली असताना. पुढे ती आपसूकही थोडी सावरते आणि श्रेय कार्यक्रमाच्या खात्यात जमा होतं. अर्थतज्ज्ञ ओर्ली ॲशेनफेल्टर यांनी 1978 मध्ये हे दाखवलं, म्हणून त्या घसरणीला त्यांचंच नाव पडलं.

तुलनेसाठी गट निवडला तरी सुटका नाही. फ्रान्समध्ये सुशिक्षित बेरोजगार तरुणांवर एक मोठा प्रयोग झाला. 2013 मध्ये निष्कर्ष छापून आले. 235 भाग निवडले आणि कुठे किती टक्के तरुणांना नोकरी शोधायला मदत द्यायची, तेही सोडत काढून ठरवलं: कुठे कुणालाच नाही, कुठे निम्म्यांना, कुठे सगळ्यांना. मदत मिळालेल्यांना नोकऱ्या लवकर लागल्या, पण काही प्रमाणात मदत न मिळालेल्यांना मागे सारून. रांग तेवढीच, पुढचे मागे आणि मागचे पुढे. एकाच गावातल्या दोन गटांची तुलना केली असती, तर हेच नुकसान फायदा म्हणून मोजलं गेलं असतं. माझ्या मते नवख्याने पहिल्या महिन्यात वाचावा तो हाच अभ्यास.

सरकारी आकडेवारीबद्दल थोडक्यात. सामाजिक सुरक्षेच्या (पीएफसारख्या) नोंदींत अनौपचारिक कामं सहसा दिसत नाहीत. देशव्यापी सर्वेक्षणात ती दिसतात, पण त्याचा नमुना एका लहान भागाबद्दल बोलण्याइतका मोठा नसतो. आणि व्याख्या वाचल्याशिवाय आकडा उचलू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मोजणीत संदर्भ आठवड्यात (ज्या आठवड्याबद्दल विचारतात त्यात) मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी एक तास काम केलं, तरी माणूस रोजगारात धरतात.

याचा अर्थ मला एका फोनवर कळला. "काम करतोस का?" विचारल्यावर मुलगा म्हणाला, "नाही हो, रिकामाच आहे." प्रश्नावलीप्रमाणे पुढे विचारलं, गेल्या सात दिवसांत एखादा तास तरी पैशांसाठी काही केलंस? "हां, मंगळवारी एकाचं सामान उतरवलं. दोनेक तास." मी 'रोजगारात' वर खूण केली. तो अजून विचारत होता, "मग नोकरीचं काही कळेल का?"