ठासणीच्या बंदुकीसाठी गोळी आणि बार कसा निवडावा

कोकणातल्या वाडीवस्त्यांत ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी ठासून भरायची, बंदूक अजून टिकून आहे आणि बहुतेक घरांत ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणासाठी वापरायच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखही आहे. मात्र परवाना कागदावर मिळतो आणि बार (एका वेळी नळीत भरायची दारू आणि गोळी) भरण्याचे ज्ञान कानावर मिळते. आजोबा चार बोटे बार भरत असत म्हणून नातूही चार बोटेच भरतो. दरम्यान दारू बदललेली असते, गोळी बदललेली असते आणि नळीच्या आतला गंज दोन पिढ्यांनी वाढलेला असतो. गोळी कोणती घ्यावी आणि तिच्यामागे दारू किती असावी, हे ठरवताना कोणत्या क्रमाने विचार करावा, तेवढेच येथे मांडले आहे.

पहिला प्रश्न गोळीचा नसून जनावराचा आहे. भेकर, सांबर आणि पिसोरी यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे, आणि या कायद्यात शिकारीचा प्रयत्नही शिकारच धरला जातो. पिसोरी तर पहिल्या अनुसूचीत असल्याने तिच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा तुरुंगवास आहे. गव्याचेही तेच. बंदुकीचा परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, शिकारीचा नव्हे. सणासुदीच्या पारधीला रूढीचा कितीही आधार सांगितला तरी कायदा तो मानत नाही. रानडुक्कर उभ्या भाताची नासाडी करत असेल, तर त्याच कायद्याच्या ११ व्या कलमाखाली वनखात्याकडून लेखी परवानगी मिळू शकते आणि तिच्यातल्या अटी पाळूनच बंदूक चालवता येते. यापुढचा सगळा मजकूर अशी परवानगी ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी आहे.

नळी काय सांगते

ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करणे हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कायद्याने ठरवलेला स्वतंत्र हंगाम आहे. साहजिकच गोळ्या आणि बार यांवरची बरीचशी छापील माहिती तिकडची असते, आणि ती वाचून इकडे तसाच बार भरणे धोक्याचे आहे. तिथली नेहमीची बंदूक म्हणजे ५० कॅलिबरची, अर्थात अर्धा इंच व्यासाच्या नळीची रायफल. तिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. हा पीळ किती लांबीत एक फेरा पूर्ण करतो, यावर तिथे गोळी ठरते. साठ ते बहात्तर इंचांत एक फेरा असेल तर चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी सरळ जाते. अठ्ठावीस इंचांत एक फेरा असेल तर लांबट गोळी किंवा प्लास्टिकच्या टोपणात बसवलेली बारीक गोळी चालते. अठ्ठेचाळीस इंचांचा पीळ हा दोन्हींमधला मार्ग आहे. तिथेही सगळीकडे सगळे चालत नाही. कोलोरॅडोमध्ये ठासणीच्या हंगामात प्लास्टिकच्या टोपणातली गोळी आणि दारूच्या तयार वड्या या दोन्हींना बंदी आहे.

आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुका बहुतांशी गुळगुळीत नळीच्या असतात. गुळगुळीत नळी गोळीला फिरकी देत नाही, आणि फिरकी नसलेली लांबट गोळी हवेत गटांगळ्या खात जाते. म्हणून जाहिरातीत कितीही आकर्षक दिसली तरी लांबट गोळी या बंदुकीला निरुपयोगी आहे. एका मोठ्या जनावरासाठी गुळगुळीत नळीतून एकच गोल, शिशाची गोळी, हा निर्णय नळीनेच घेऊन ठेवलेला असतो.

तरीही बार भरण्याआधी नळी परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावी. नळी आतून खड्डे पडलेली आहे का, मागचा बूच पक्का आहे का, केप (घोड्याच्या ठोक्याने पेटून दारूला ठिणगी देणारी टोपी) बसते ती निपल झिजून तिचे भोक मोठे झाले आहे का, एवढे त्याने पाहिले पाहिजे. निपलचे भोक मोठे झाले असेल तर वायू मागे फिरून घोडा उचलतो आणि डोळ्याला इजा होते. नळी दाबाला टिकते हे दाखवणारी परीक्षेची खूण तिच्यावर नसेल, किंवा नळी कुठे फुगलेली हाताला जाणवत असेल, तर किती बार भरावा हा प्रश्नच उरत नाही. ती बंदूक भरू नये.

गोळी आणि चिंधी

गोळी शुद्ध, मऊ शिशाची असावी. नखाने ओरखडा उठला तर शिसे मऊ आहे असे समजावे. गाडीच्या चाकाला लावतात त्या वजनांचे शिसे मिश्रधातूचे आणि कडक असते, ते चिंधीत नीट दबत नाही आणि लागल्यावर पसरतही नाही. सायकलचे छर्रे, सळईचे तुकडे किंवा खिळ्यांची डोकी भरण्याची जी सवय काही ठिकाणी आहे, ती तर पूर्णपणे बंद व्हायला हवी: लोखंड नळी आतून खरवडते, कुठेही भरकटते आणि जनावर जखमी होऊन निसटते. जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी शेतात येणाऱ्या बाईमाणसावर चालून जाते, हे कोकणात कोणाला वेगळे सांगायला नको. गोळी आणि छर्रे एकत्र भरणेही तितकेच चुकीचे आहे, कारण दारू तेवढीच राहून पुढचे वजन वाढले की नळीतला दाब वाढतो.

गोळीचे माप नळीच्या मापापेक्षा किंचित लहान हवे. पिळाच्या नळीत हा फरक साधारण पाव मिलिमीटर असतो. गुळगुळीत नळीत अर्धा ते पाऊण मिलिमीटर ठेवला तर दुसऱ्या बाराच्या वेळी काजळी साचलेली असूनही गोळी खाली उतरते. व्यास पट्टीने मोजू नये, कॅलिपरने मोजावा, कारण गोल गोळीचे वजन व्यासाच्या घनाने बदलते: व्यास दुप्पट तर वजन आठपट. अमेरिकेत ५० कॅलिबरला वापरतात ती ०.४९० इंचाची गोळी सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम भरते. आपली नळी बारा बोरची, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर व्यासाची असेल तर गोळी याच्या जवळजवळ तिप्पट वजनाची होते. धक्का आणि दाब दोन्ही त्या हिशेबाने वाढतात. एका जातीच्या गोळ्यांत वजनाला हलकी लागलेली गोळी बाजूला काढावी, तिच्या पोटात हवेची पोकळी असते. ओतकामात राहिलेला शेपटीचा सपाट भाग नळीच्या तोंडाकडे, मधोमध येईल अशी गोळी ठेवावी.

चिंधी घट्ट विणीच्या सुती कापडाची असावी. टेरिलीनसारखे कृत्रिम धाग्याचे कापड वितळून नळीला चिकटते, म्हणून ते नको. चिंधीला वंगण लावताना खनिज तेल टाळावे, कारण काळ्या दारूच्या काजळीत मिसळून त्याचे डांबरासारखे कीटण होते. खोबरेल चांगले, पण ते पंचविसाच्या आसपासच्या तापमानाला पातळ होऊन दारूत झिरपते आणि आपल्याकडे वर्षाचे बहुतेक दिवस पारा त्याच्या वरच असतो. त्यात मधमाश्यांचे मेण मिसळले की ते जागेवर राहते. कोकमाचे मुठेल आपल्या हवेत घट्टच राहते, त्यामुळे या कामाला तेही योग्य वाटते. दारू आणि चिंधी यांच्यामध्ये कोरड्या सोडणाचा (नारळाच्या सालीचा) किंवा पुठ्ठ्याचा डाट दिला तर वंगण दारूपर्यंत पोचत नाही. सोडण पेटते बाहेर पडते, म्हणून वाळलेल्या गवतात पुठ्ठा बरा.

बोटांचे माप आणि दारूचे माप

चार बोटांचे माप म्हणजे गज (बार ठासायची लांब काठी) नळीत सोडल्यावर तो रिकाम्या नळीपेक्षा किती बोटे जास्त बाहेर राहतो, ते. या मापात दारू, डाट आणि गोळी यांची उंची एकत्र मोजली जाते. सोडण सैल राहिले तर दारू कमी असूनही चार बोटे भरतात, आणि सोडण घट्ट ठासले तर चार बोटे पुरी करण्यासाठी दारू जास्त पडते. शिवाय बोटे कोणाची, हाही प्रश्न आहेच. दारू मोजण्यासाठी हे माप वापरू नये. दारू नेहमी ठरावीक मापाच्या नळकांड्याने, सपाट करून घ्यावी, आणि मापात घेतलेली दारूच नळीत ओतावी. डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नये, कारण आधीच्या बाराची ठिणगी आत राहिलेली असेल तर डबा हातातच उडतो.

गजाचा खरा उपयोग दुसरा आहे. नळी रिकामी असताना गज तळापर्यंत सोडून तोंडाशी एक खूण कोरावी, आणि ठरलेला बार पूर्ण बसल्यावर दुसरी. पहिली खूण बंदूक रिकामी आहे की भरलेली हे सांगते, दुसरी खूण गोळी दारूवर टेकली आहे की नाही हे सांगते. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली तर त्या जागी नळी फुगते किंवा फुटते. भरलेल्या नळीत चुकून दुसरा बार घालण्याचे अपघातही याच खुणेने टळतात. माझ्या मते या दोन खुणा नसलेला गज वापरूच नये.

दारू फक्त काळी, परवानाधारक दुकानातून घेतलेली आणि परवान्यात लिहिलेल्या मर्यादेइतकीच असावी. काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीच्या नळीत चिमूटभरही घालू नये. तिचा दाब काळ्या दारूच्या कितीतरी पट चढतो आणि नळी फाटते. घरी केलेली किंवा फटाक्यांतून काढलेली दारू बेकायदा तर आहेच, पण तिचा जोर प्रत्येक वेळी वेगळा असतो, त्यामुळे तिच्यावर कोणतेही माप बसवता येत नाही. काळ्या दारूतही दाण्याचा फरक असतो: जाड दाणा सावकाश जळतो आणि मोठ्या नळीला योग्य असतो, बारीक दाणा झपाट्याने जळतो आणि तेवढ्याच मापात जास्त दाब देतो. दुकानदाराने बारीक दाणा दिला तर जुने माप तसेच चालू ठेवता येत नाही.

किती भरावी, याचे एकच उत्तर सगळ्या बंदुकांना लागू नाही. ५० कॅलिबरच्या चांगल्या रायफलीत गोल गोळीमागे अमेरिकेत साधारण ७० ते ९० ग्रेन काळी दारू वापरतात, म्हणजे साडेचार ते सहा ग्रॅम. पण ती नळी कारखान्यात परीक्षा झालेली असते आणि निर्मात्याने कमाल मर्यादा छापून दिलेली असते. आपल्या बंदुकीची मर्यादा कारागिराने सांगितलेली असेल तीच धरावी, तिच्या बऱ्याच खालून सुरुवात करावी आणि नेम जमला की तेथेच थांबावे. जास्त दारूने फार काही हाती लागत नाही. गोल गोळीला हवेचा अडथळा इतका होतो की सेकंदाला सुमारे अठराशे फुटांनी सुटलेली ५० कॅलिबरची गोळी शंभर यार्डांवर अकराशेच्या आसपास येते. सुरुवातीचा वेग वाढवला तर अडथळाही वाढतो. दहा ग्रेन दारू वाढवण्यापेक्षा दहा पावले जवळ बसणे केव्हाही अधिक उपयोगी पडते, आणि गुळगुळीत नळीने चाळीस पावलांपलीकडे बार टाकू नये.

पारख आणि कातळ

ठरवलेला बार तपासायचा असेल तर परवान्याच्या अटींत बसत असेल तेथेच, पोलीस ठाण्याला कळवून, मागे मातीचा उंच आणि मऊ बांध असेल अशा जागी तपासावा. सड्यावर (उघड्या जांभ्याच्या माळावर), कातळाच्या किंवा गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) दिशेने बार टाकू नये. जांभ्यावर तिरकी लागलेली शिशाची गोळी उसळून वाडीपर्यंत जाऊ शकते, आणि पाणी भरलेल्या खाचरावरूनही ती उसळते. माळ्यावरून खाली नेम धरला तर गोळी जमिनीत जाते, म्हणून भाताच्या राखणीला उंचावरची बैठक सुरक्षित.

प्रत्येक बारानंतर पुढे जाऊन पडलेली चिंधी उचलून पाहावी. मधोमध काळा डाग आणि कडा शाबूत असतील तर जमले. मध्ये जळून भोक पडले असेल तर वंगण कमी आहे किंवा दारू जास्त आहे. कडेला चिरा असतील तर नळीचे तोंड धारदार आहे किंवा चिंधी पातळ आहे. निशाणावर गोळ्या कुठे लागल्या याइतकीच माहिती ही चिंधी देते, आणि ती फुकट मिळते. केप फुटूनही बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबावे. दमट हवेत उशिरा उडणारा बार ही नेहमीची गोष्ट आहे.

काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढून घेते आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत एका रात्रीत गंज धरते. बंदूक त्याच दिवशी गरम पाण्याने आणि साबणाने धुवावी, कोरडी करावी आणि मगच तेलाचा हात द्यावा. पुढच्या वेळी भरण्याआधी ते तेल कोरड्या फडक्याने पुसून काढावे, नाहीतर दारू भिजते. भरलेली बंदूक भिंतीला टांगून ठेवू नये. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली तर ती रिकामी करून, धुऊन, तेल लावूनच द्यावी, कारण ती परत हातात यायला कित्येक आठवडे लागतात.

परवानगीने मारलेले रानडुक्करही बंदूकधाऱ्याचे होत नाही. ३९ व्या कलमानुसार ते सरकारची मालमत्ता ठरते. त्याला हात न लावता वनरक्षकाला कळवावे, पंचनामा होऊ द्यावा आणि वापरलेल्या बाराची नोंद आपल्या वहीत तारखेसह करून ठेवावी.