पिंपाचं बूच आधी बघा

वॉटरप्रूफिंग-इपॉक्सीच्या गोदामात नवीन लागलेली मुलं मला पहिल्याच दिवशी आगीबद्दल विचारतात. मी त्यांना आधी उभ्या पिंपाचं झाकण दाखवतो. २०० लिटरच्या पिंपाची कड वर आलेली असते, म्हणून पावसात झाकणावर बोटभर पाणी साचतं. उन्हात आतली हवा फुगते. सर आली की पिंप गार होतं, आतून ओढ बसते आणि बुचाचं वॉशर झिजलेलं असेल तर ते पाणी आत जातं.

शिवडीतल्या माझ्या पहिल्या पावसाळ्यात पॉलीयुरेथेनच्या हार्डनरचं (रेझिनमध्ये मिसळून त्याला घट्ट करणाऱ्या द्रवाचं) एक पिंप ताडपत्रीबाहेर राहिलं. सकाळी बघतो तर झाकण पुरीसारखं टम्म फुगलेलं. मी पाना घेऊन बूच आवळायला निघालो, तेवढ्यात एका जुन्या माथाडीकाकांनी माझं मनगट धरलं. "साहेब, हात नका लावू. पोटात वायू धरलाय त्यानं." हार्डनरमधल्या आयसोसायनेटला पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बंद पिंप फाटू शकतं. माल देणाऱ्यांचा टेक्निशियन येईपर्यंत तिकडे कुणाला फिरकू दिलं नाही. त्या काकांचा मी आजही ऋणी आहे.

पिंप उघड्यावर ठेवायची वेळ आलीच तर आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळाच्या ३ आणि ९ वर, दोन्ही बाजूंना लाकडी पाचर. म्हणजे वॉशर आतल्या मालात बुडालेलं राहतं आणि हवा-पाणी ओढलं जात नाही.

ट्रक भरण्याआधी त्या मालाची एसडीएस, म्हणजे सेफ्टी डेटा शीट, वाचा. सातवा भाग साठवणुकीचा, चौदावा वाहतुकीचा. सॉल्व्हंटवाल्या (थिनरसारखा द्रव असलेल्या) रंगांचा यूएन क्रमांक, म्हणजे धोकादायक मालाचा जागतिक क्रमांक, १२६३; वर्ग ३, म्हणजे ज्वलनशील द्रव. लाल चौकटीतली ज्वाळा पिंपावर दिसलीच पाहिजे. फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला मालाची वाफ ठिणगीने पेटू शकते) २३ अंशांखाली असेल तर आपल्या पेट्रोलियम नियमांप्रमाणे तो 'अ' वर्गाचा माल, त्याच्या साठ्याला मर्यादा आणि परवाना आहे. उतरवताना टायरवर पिंप आदळायची सवय मोडा. कडेला पोचा पडला की गळती तिथूनच सुरू होते.

शेजारी काय ठेवलंय हेही बघा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ज्या जहाजाचा स्फोट झाला, त्यात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र भरली होती. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आपल्याकडे रेझिन आणि हार्डनर वेगळ्या रांगेत, चिंध्या-बारदान लांब.

सॉल्व्हंट ओतताना पिंप आणि कॅन तांब्याच्या तारेने जोडा, पिंपाला अर्थिंग द्या. स्थिर विजेची एक ठिणगी पुरते.

मला सगळ्यात जास्त भीती रिकाम्या पिंपाची वाटते. तळाशी वाटीभर थिनर उरलेलं असतं, त्याची वाफ हवेपेक्षा जड, आतच बसून राहते. भंगारवाला त्याला गॅस कटर लावतो. म्हणून आमच्याकडून रिकामं पिंप जातं ते दोन्ही बुचं घट्ट लावून, जुनं लेबल तसंच ठेवून, आणि फक्त पिंपं धुऊन घेणाऱ्या परवानाधारकाकडेच.