ट्रान्सलेट ॲपच्या भरवशावर कोकणात जेवायला बसताय? या चुका टाळा

तारकर्लीजवळच्या एका घरगुती खानावळीतला प्रसंग. बाजूच्या टेबलावर बंगळुरूचं एक जोडपं, तिला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी, तिने फोनवर इंग्रजीत टाइप केलं आणि फोन काकींना मराठीत म्हणाला, "यात कवच असलेले मासे आहेत का?" काकी म्हणाल्या, "नाय ओ, कवचाचा कायएक नाय ह्याच्यात," आणि वांग्याची भाजी वाढली. वांग्यात सोडे! मी मध्ये पडलो तर काकी माझ्यावरच उखडल्या, "सोड्यांका खयचा कवच? सोलून तर सुकवतत!" आता यात खोटं काय आहे सांगा, सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबीच.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, 'शेलफिश'सारखा ढोबळ शब्द ॲपमध्ये टाकणं. स्वयंपाकघरात तो शब्दच नाही. एकेक नाव घ्या: कोळंबी (मालवणीत सुंगटा), कुर्ल्या (खेकडे), सोडे, सुकट, जवळा (ही दोन्हीही बारीक कोळंबीच), आणि तिसऱ्या-कालवं (शिंपल्यातली) पण चालत नसतील तर तीही. सुकट-जवळा भाजीत चवीपुरता पडतो, त्यामुळे कुणी त्याला 'मासे घातलेत' असं मोजतच नाही. आणि 'चांगलं शिजवलंय, काय होत नाय' यावर जाऊ नका, कोळंबीतलं ॲलर्जी करणारं प्रोटीन उकळून-तळून जात नाही. तवा आणि तळणीचं तेल वेगळं आहे का, हेही विचाराच.

'नट्स'चं तर विचारूच नका. एकाच्या फोनने चक्क "मला नटांची ॲलर्जी आहे" असं ऐकवलं. दशावताराच्या मुलखात नट म्हणजे कोण ते सांगायला नको. तिथे शेंगदाणे, दाण्याचं कूट, काजू, ओले काजूगर असं सुटंसुटं लिहा, नारळ चालतो की नाही तेही लिहा, कारण नारळ नको म्हटलं तर अर्धा मेनू गेलाच.

कॅमेरा मोडने फळा वाचणारे पण गंडतात. एक तर खडूचं अक्षर, त्यात नावं अशी: हलवा फ्राय म्हणजे गोड पदार्थ नव्हे, 'काळं पापलेट' म्हणून ओळखला जाणारा मासा. मोरी मसाला म्हणजे शार्क, न्हाणीघराशी संबंध नाही. बोंबील इंग्रजीत 'बॉम्बे डक' होतो आणि लोक बदक समजून बसतात. सोलकढीतलं 'दूध' नारळाचं असतं, तरी एका व्हीगन पाहुणीने फोनवर दूध वाचून वाटी परत केली, बिचारी :)

गहू न चालणाऱ्यांनी 'इथे सगळं तांदळाचंच' यावर निर्धास्त होऊ नये. घावन तांदळाचं, पण वड्यांच्या पिठात घरागणिक गहू पडतो, मासा रव्यात घोळवतात, आणि डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. हे कुठलंच ॲप सांगणार नाही, कारण भाषांतराचा इथे प्रश्नच नाही. पॅकेटवर हिरवा ठिपका दिसला तरी त्याचा गहू, दाणे किंवा दुधाशी संबंध नाही, मागची बारीक अक्षरं वाचा.

भाषा निवडतानाही घोळ होतो. गूगल ट्रान्सलेटमध्ये 2022 पासून कोंकणी आहे म्हणून काहीजण सिंधुदुर्गात तीच लावतात. इथे मराठीच ठेवा, मराठी सगळ्यांना कळते. मराठीचं ऑफलाइन पॅक घरच्या वायफायवरच उतरवा, घाट उतरल्यावर रेंजचा भरवसा नाही. आणि बोलून भाषांतर करायचं तर फोडणीच्या आवाजात नको, टाइप करा, मग तेच वाक्य उलटं भाषांतर करून बघा, 'नाही' कुठे गळला तर कळतं.

"यात दाणे नाहीत ना?" असं विचारलं की उत्तर "नाय, नाय" असंच येतं. "यात काय काय घातलंय?" असं विचारा. 'चालत नाही' एवढंच म्हटलं तर लोकांना वाटतं उपास असेल, नाहीतर आवड नसेल, मग "थोडासा खावा, काय होणा नाय" असा आग्रह सुरू. त्यापेक्षा हे कागदावर उतरवून ठेवा, फोटोही काढून ठेवा (गोळ्या-इंजेक्शन पर्समध्ये, गाडीत नव्हे):

"काकी, कोळंबी, कुर्ली, सोडे, सुकट, जवळा यातलं थोडंसं जरी पोटात गेलं तरी माझा श्वास अडकतो, लगेच दवाखान्यात न्यावं लागतं. त्याच तेलात तळलेलंही नको. साधा भात आणि कुळथाची पिठी मिळेल का?"