फँटसी ड्राफ्टमध्ये वाइड रिसीव्हर निवडताना टार्गेट मोजा

ऑगस्ट संपत आला की एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, फँटसी लीगचे ड्राफ्ट सुरू होतात आणि जो तो सल्ले द्यायला लागतो. (फँटसी लीगमध्ये आपण खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधतो आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळतात. ड्राफ्ट म्हणजे ते खेळाडू पाळीपाळीने निवडणं, आणि पाळ्यांची एक फेरी म्हणजे एक राउंड.) त्यातले निम्मे सल्ले एकाच गोष्टीवर येऊन थांबतात: गेल्या मोसमात ज्याने भरपूर टचडाउन केले (म्हणजे बॉल प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेला), तो रिसीव्हर, म्हणजे फेकलेला बॉल झेलणारा खेळाडू, आधी उचला. हा सल्ला वाईट आहे. तो ऐकून चांगल्या जाणकारांचे संघ ऑक्टोबरात ढेपाळताना मी दरवर्षी बघते.

रिसीव्हर निवडताना पहिला आकडा बघायचा तो टार्गेटचा, म्हणजे क्वार्टरबॅकने (संघातर्फे बॉल फेकणाऱ्याने) त्याच्या दिशेने बॉल किती वेळा फेकला याचा. झेल, यार्ड (त्या झेलांनी मिळवलेलं अंतर) आणि टचडाउन हे सगळं त्या फेकीनंतर घडतं. बॉलच आला नाही, तर कितीही वेगवान खेळाडू असला तरी तुम्हाला शून्य गुण.

१. नियम

झेलाला पूर्ण गुण (पीपीआर), अर्धा की काहीच नाही, आणि दर आठवड्याला दोन रिसीव्हर उतरवायचे की तीन, एवढं आधी वाचून घ्या. पुण्यात बसून अमेरिकेतल्या सहकाऱ्यांच्या लीगमध्ये खेळत असाल, तर न्यूयॉर्कच्या घड्याळाने रात्री आठचा ड्राफ्ट म्हणजे तुमचे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच. अर्धवट झोपेत संगणकाला आपोआप निवड करू देऊ नका.

२. पहिले तीन राउंड

इथे हुशारी दाखवू नका. जस्टिन जेफरसन, जमार चेस, सीडी लॅम या दर्जाचे, म्हणजे धडधाकट असताना मोसमाला दीडशेच्या आसपास टार्गेट मिळवणारे रिसीव्हर समोर असतील तर घ्या आणि पुढे चला. तीन रिसीव्हर उतरवायचे असतील, तर पहिल्या चार राउंडांत दोन तरी हाताशी हवेतच.

३. टचडाउनचा आकडा सोलून बघा

झेलाला एक, दहा यार्डांना एक आणि टचडाउनला सहा, असा पूर्ण पीपीआरचा हिशेब धरू. २०१७ मध्ये अटलांटाच्या हूलिओ जोन्सने ८८ झेल, १,४४४ यार्ड आणि फक्त ३ टचडाउन केले. गुण झाले २५०.४. २०२० मध्ये मिनेसोटाच्या अॅडम थीलनने ७४ झेल, ९२५ यार्ड आणि तब्बल १४ टचडाउन केले. गुण २५०.५.

बेरीज जवळपास एकच, पण टार्गेट बघा: जोन्सला १४८, थीलनला १०८. पुढच्या मोसमात जोन्सने १,६७७ यार्ड केले, एनएफएलमध्ये सर्वाधिक, आणि टचडाउनही ८ वर गेले. थीलन दुखापतीमुळे १३ सामनेच खेळला, त्यामुळे त्याच्या एकूण बेरजेची तुलना करणं बरोबर नाही. पण दर सामन्यामागचे त्याचे यार्डही घटले आणि टचडाउन १० झाले. टचडाउनचा आकडा एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जसाच्या तसा उतरत नाही. टार्गेट बऱ्यापैकी उतरतात.

म्हणून यादीतल्या प्रत्येक नावाचे टचडाउन आधी बाजूला काढा आणि झेल-यार्डांचेच गुण मोजा. ही दुसरी यादी पहिलीपेक्षा बरीच वेगळी दिसेल. ड्राफ्टला बसताना समोर तीच हवी.

४. चौथा ते आठवा राउंड

लीग इथे जिंकली किंवा हरली जाते, आणि हाच टप्पा मला सगळ्यात जास्त वर्षं छळत होता. इथे समोर असलेल्या प्रत्येक रिसीव्हरमध्ये काहीतरी खोट असते. कुणी दुखापतीतून परतलेला, कुणी नव्या संघात गेलेला, कुणी आपल्या संघातला दोन नंबरचा. खोट सगळ्यांतच आहे म्हटल्यावर प्रश्न एवढाच उरतो की कुणाची खोट तात्पुरती आहे.

सगळ्यात चांगलं उदाहरण कूपर कपचं. २०२० मध्ये त्याने ९७४ यार्ड आणि अवघे ३ टचडाउन केले. आकडे वरवर बघणाऱ्यांना तो साधारण वाटला. पण त्या मोसमात त्याला १२४ टार्गेट होते आणि त्यातले ९२ झेल त्याने घेतले होते. म्हणजे बॉल येत होता, तो झेलत होता, फक्त टचडाउन होत नव्हते. त्यानंतर त्याच्या संघाने, लॉस एंजेलिस रॅम्सने, डेट्रॉइटहून मॅथ्यू स्टॅफर्डला क्वार्टरबॅक म्हणून आणलं. २०२१ मध्ये कपचे आकडे होते: १९१ टार्गेट, १४५ झेल, १,९४७ यार्ड, १६ टचडाउन. झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत तो एनएफएलमध्ये पहिला आला. इतकी मोठी उडी कुणीच आधी सांगू शकत नव्हतं. पण तो आपल्या किमतीपेक्षा स्वस्तात मिळतोय, हे ड्राफ्टच्या दिवशी कागदावर दिसत होतं. मधल्या राउंडांत तुम्हाला शोधायची आहे ती हीच जोडी: टार्गेट भरपूर, टचडाउन तुटपुंजे, आणि त्यावर क्वार्टरबॅकची बाजू सुधारलेली.

आता एक सल्ला, जो मी चुकूनही मानणार नाही: ‘मोठा रिसीव्हर संघ सोडून गेला, आता त्याचे टार्गेट दोन नंबरच्याला मिळणार.’ रिकामे झालेले टार्गेट म्हणजे काही वडिलोपार्जित जमीन नव्हे, की थोरला गेला आणि सातबारा आपोआप धाकट्याच्या नावावर झाला.

२०२२ मध्ये हे दोनदा दिसलं. डवांटे अॅडम्स ग्रीन बे सोडून रेडर्सकडे गेला, तेव्हा सगळ्यांच्या नजरा अॅलन लाझार्डवर गेल्या. त्याच्या वाट्याला आले ६० झेल आणि ७८८ यार्ड. टायरीक हिल कॅन्सस सिटीहून मायामीला गेला आणि त्याच्या जागी जूजू स्मिथ-शूस्टर मोठा होणार असं बोललं गेलं. तो ९३३ यार्ड आणि ३ टचडाउनवर थांबला. पॅट्रिक महोम्सने त्या मोसमात ५,२५० यार्ड फेकले, म्हणजे पास कमी झाले नव्हते. ते ट्रॅव्हिस केल्सीकडे आणि बाकी पाच-सहा जणांत वाटले गेले. अॅडम्स मात्र नव्या संघात गेला तरी १०० झेल आणि १,५१६ यार्ड करून मोकळा झाला. टार्गेट जागेला चिकटलेले नसतात. जो खेळाडू बचावपटूंपासून मोकळा होऊ शकतो, त्याच्यामागे ते जातात.

दुसरा सापळा एका सामन्याचा. जानेवारी २०२२ मध्ये बफेलोच्या गेब डेव्हिसने कॅन्सस सिटीविरुद्ध प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) २०१ यार्ड आणि ४ टचडाउन केले. सामना अविस्मरणीयच होता. पण त्या एका रात्रीने त्याचा भाव पुढच्या ऑगस्टमध्ये कुठल्या कुठे नेला आणि २०२२ च्या मोसमात हाती आले ४८ झेल. त्याच सुमारास डेट्रॉइटचा अमोन-रा सेंट ब्राउन, एनएफएलच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत निवडला गेलेला नवखा, २०२१ च्या शेवटच्या सहाही सामन्यांत प्रत्येकी आठ किंवा जास्त झेल घेत होता. पुढच्या मोसमात त्याने १०६ झेल घेतले. एका सामन्याचे चार टचडाउन आणि सलग सहा सामन्यांचे आठ-आठ झेल यांत निवडायचं असेल, तर मी एक सेकंदही विचार करणार नाही.

हे करायचं कसं? एक कागद घ्या. चौथ्या ते आठव्या राउंडमध्ये जाण्याची शक्यता असलेल्या पंचवीस-तीस रिसीव्हरांची नावं लिहा. नावापुढे तीनच रकाने: गेल्या मोसमात दर सामन्यामागे टार्गेट किती, शेवटच्या सहा सामन्यांत किती, आणि क्वार्टरबॅक तोच आहे, सुधारला की बिघडला. मोसमाची एकूण बेरीज घेऊ नका, कारण दुखापतीने चार सामने हुकलेला चांगला खेळाडू तिथे झाकला जातो. एनएफएलचा संघ सामन्याला साधारण तेहतीस-चौतीस पास फेकतो. त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे आठच्या आसपास टार्गेट ज्याला मिळतात, तो संघाचा खरा पहिला रिसीव्हर, मग संघाच्या क्रमवारीच्या तक्त्यात त्याचं नाव कुठेही असो. सहाच्या खाली असलेल्याला मी आठव्या राउंडच्या आधी हात लावत नाही.

तिसरा रकाना टाळू नका. टायरीक हिलने २०२३ मध्ये १,७९९ यार्ड केले. २०२४ मध्ये क्वार्टरबॅक तुआ टॅगोवायलोआ सहा सामने बाहेर राहिला, हिलला स्वतःला मनगटाचा त्रास होता, आणि यार्ड उतरले ९५९ वर. क्वार्टरबॅकची तब्येत हीच रिसीव्हरची तब्येत, असं धरूनच किंमत लावा. क्वार्टरबॅकला वारंवार दुखापत होत असेल, तर त्याचा रिसीव्हर एक राउंड उशिरा मिळाला तरच घ्या.

ड्राफ्ट चालू असताना आधीच्या तिघांनी लागोपाठ रिसीव्हर उचलले की हात थरथरतात आणि माणूस यादीतलं पुढचं नाव दाबून मोकळा होतो. तसं करू नका. कागदावर जवळपास सारखे पाच जण शिल्लक असतील, तर रिसीव्हर सोडून वेगळ्या जागेवर खेळणारा खेळाडू घ्या. पाचांपैकी एक जण तुमच्या पुढच्या पाळीपर्यंत बहुधा राहतोच. एकच उरला असेल, तर तो आत्ता घ्या.

५. शेवटचे राउंड

बाय वीक (संघाला सामना नसलेला आठवडा) जुळवत बसू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातले तरुण घ्या. तिशी ओलांडलेला, सामन्याला चार टार्गेट मिळवणारा ‘भरवशाचा’ रिसीव्हर बेंचवर काहीच कामाचा नाही.

६. पहिल्या रविवारनंतर

ड्राफ्ट खऱ्या अर्थाने इथे संपतो. २०२३ मध्ये रॅम्सचा पुका नाकुआ एनएफएल ड्राफ्टच्या पाचव्या फेरीतला नवखा होता आणि बहुतेक लीगमध्ये त्याला कुणी घेतलंच नव्हतं. कप जखमी होता. पहिल्याच सामन्यात नाकुआला १५ टार्गेट मिळाले, टचडाउन एकही नाही. टचडाउन बघणाऱ्यांनी त्याला सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात त्याने १५ झेल घेतले, आणि मोसम संपला तेव्हा १०५ झेल आणि १,४८६ यार्ड असे नवख्यांचे दोन्ही विक्रम त्याच्या नावावर होते.

म्हणून सोमवारचा सामना संपला की गुणतक्ता बंद करा आणि टार्गेटची यादी उघडा. दहाच्या पुढे टार्गेट असलेला आणि तरीही कुणाच्याच संघात नसलेला रिसीव्हर दिसला, तर शेवटच्या राउंडमध्ये घेतलेल्याला सोडून त्याच्यावर दावा टाका, म्हणजे त्याला संघात घेण्याची मागणी नोंदवा. बहुतेक लीगमध्ये हे दावे बुधवारी पहाटे निकाली निघतात, तेव्हा मंगळवारी रात्री झोपण्याआधी हे उरकून घ्या.