काळ्या मातीत खोल गेलेलं नाणं डिटेक्टरनं कसं काढायचं

"सेन्सिटिव्हिटी फुल ठेव, मग खोलचं पण वाजतं." मेटल डिटेक्टरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तो किती बारीक सिग्नल पकडेल ते; तिच्याबद्दलचा हा सल्ला मला इंदूरात निदान पाच जणांनी दिला आणि मी मूर्खासारखा दोन वर्षं पाळला. त्या दोन वर्षांची कमाई काय, तर बाटल्यांची बुचं, ट्रॅक्टरचे नट, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा आणि एक घोड्याचा नाल, जो काकूंनी लगेच धुऊन दाराला ठोकला. चार इंचांच्या खालचं एकही नाणं नाही. आता ते येतात, मशीन तेच आहे, बदललं ते ऐकणं आणि जमिनीशी वागणं, म्हणून हे लिहितोय.

आधी मशीनचं उरकतो. काठीसारखं धरायचं, खाली गोल कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती) असलेलं साधं डिटेक्टर पुरे, कॉइल नऊ ते अकरा इंचांची. दोन अँटेना लावलेली "शंभर फुटांवरून सोनं दाखवणारी" जी यंत्रं लाखांत विकतात ती शुद्ध फसवणूक आहे, त्यापेक्षा इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन तेवढ्याची जिलबी खा. दोन डब्यांची मोठी डिटेक्टर असतात ती खोल बघतात हे खरं, पण त्यांना हंडा-घागरीएवढी वस्तू दिसते, एकटं नाणं नाही. मोठी, पंधरा इंची कॉइल मोकळ्या शेतात चालते, पडक्या वाड्याच्या जागी नाही, कारण तिच्याखाली एका वेळी चार खिळे येतात आणि नाणं त्यांच्या आवाजात बुडतं.

आणि कायदा. पुरातत्त्वचा बोर्ड लागलेल्या जागेत, राजघराण्यांच्या छत्र्यांच्या (समाध्यांच्या) आवारात, किल्ल्यावर मशीन घेऊन जायचंच नाही. स्वतःच्या किंवा ज्यानं लेखी परवानगी दिली त्याच्याच जमिनीत. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत लपलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं असतं, काय सापडलं, कुठे, कधी. दहा रुपये म्हणजे आज काहीच नाही, त्यामुळे मी सरळ प्रत्येक वेळी अर्ज देतो आणि पोच घेऊन ठेवतो. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२च्या कायद्यानं पुरावशेष ठरतं, ते परदेशात विकायचे मनोरथ सोडा.

आता वेळ. वैशाखात काळ्या जमिनीला भेगा पडतात, कुठे कुठे हात घातला तर कोपरापर्यंत जातो. नाणी खोल जातात ती बरीचशी अशीच. आजोबांच्या आजोबांच्या कनवटीचं नाणं पडलं, भेगेत घसरलं, पहिल्या पावसात माती फुगली आणि वरून दार बंद. हे डोक्यात ठेवा, पुढे याचाच उपयोग आहे. उन्हाळ्यात त्या भेगांवर कॉइल फिरवाल तर प्रत्येक भेग वेगळी कुरकुरते. भर पावसात चिखल, खड्डा तासाभरात विहीर होतो. सोयाबीन निघाल्यापासून गव्हाची पेरणी होईपर्यंत, म्हणजे दसरा ते दिवाळीच्या आसपास जमीन वाफशावर असते, तेव्हा जा. मूठ दाबली की लाडू वळतो पण हाताला चिकटत नाही, एवढी ओल. कोरड्या मातीपेक्षा या ओलीत मला नेहमी एक-दीड इंच जास्त मिळालाय.

आता माझी दोन वर्षं जिथे गेली ते. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज मशीनला वजा करायला लावणं.

माळव्याची काळी माती ही काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची झीज. त्यात लोखंडाचे चुंबकी कण ठासून भरलेले (खिशातलं लोहचुंबक कोरड्या मातीत फिरवा, दाढी उगवल्यासारखं होतं). म्हणजे डिटेक्टरला आधी जमीनच ऐकू येते, आणि ती नाण्यापेक्षा कितीतरी मोठ्यानं बोलते. त्यात नाण्याचा आवाज अंतराबरोबर भयानक पडतो, अंतर दुप्पट झालं तर छोट्या वस्तूचा सिग्नल साधारण चौसष्टाव्या भागावर येतो. हे कळलं तेव्हा मला फुल सेन्सिटिव्हिटीचा घोळ कळला. फुल केली की नाण्याचा आवाज थोडा वाढतो आणि जमिनीचा गोंगाट पण तेवढाच, वर मशीन बिथरून टकटक करायला लागतं, आणि तुम्ही कंटाळून बारीक आवाजांकडे दुर्लक्ष करायला शिकता. खोल नाणं नेमकं त्याच बारीक आवाजात असतं.

तर करायचं असं. धातू नसलेली हातभर जागा शोधा, खरोखर नसलेली, चारी बाजूंनी कॉइल फिरवून खात्री करा. मी एकदा घाईत खिळ्यावरच बॅलन्स केला आणि तासभर मशीन वेड्यासारखं वागत होतं, मी बॅटरीला शिव्या घालत होतो. मग ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून कॉइल फूटभर उंचीवरून जमिनीच्या दोन इंचांवर आणा, परत वर, परत खाली, हापशासारखं. खाली जाताना आणि वर येताना आवाज सारखा झाला की झालं. पण हे सकाळी एकदा केलं आणि दिवसभर फिरलो, असं नाही. आमच्या पडक्या वाड्याच्या बखळीत एका टोकाला काळी माती, मधे भराव टाकलेला मुरूम, आणि जिथे स्वयंपाकघर होतं तिथे चुलीखालची शंभर वर्षं भाजलेली माती. भाजलेली माती आणि विटा जास्त चुंबकी होतात, तिथे मशीन हमखास ओरडतं. पहिल्यांदा तिथे वाजलं तेव्हा मी दोन फूट खणलं, बखळीच्या भिंतीवर बसलेली पोरं विचारतायत "भिया, कुछ निकला क्या?", आणि निघाली राख. म्हणून जागा बदलली, मातीचा रंग बदलला की परत बॅलन्स. मी दर पंधरा-वीस पावलांवर करतो, दहा सेकंदांचं काम आहे.

मशीनमध्ये आपोआप बॅलन्स होणारं ट्रॅकिंग असेल तर खोलचं शोधताना बंद ठेवा. बारीक आवाजावर तुम्ही चार-सहा वेळा कॉइल फिरवता तेव्हा ट्रॅकिंग त्या आवाजालाच जमीन समजून हळूहळू पुसून टाकतं, आणि तुम्हाला वाटतं भास झाला. माझे किती "भास" तिथे राहिले असतील देव जाणे.

बॅलन्सनंतर सेन्सिटिव्हिटी. कॉइल जमिनीवर स्थिर धरून वाढवत न्या, आपोआप टकटक सुरू झाली की दोन घर खाली या. माझ्याकडे ती निम्म्याच्या जरा वर बसते, आणि या मातीत निम्मी ही फुलपेक्षा खोल जाते. मोबाइल एरोप्लेन मोडवर, बोअरच्या मोटरची केबल जिथून जाते तिथून लांब. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको तो धातू गाळायची सोय, जवळजवळ शून्यावर. लोखंड गाळायला गेलात तर खिळ्याशेजारचं नाणं पण गाळलं जातं, आणि पडक्या वाड्यात खिळ्याशेजारीच नाणी असतात.

फिरवताना कॉइल जमिनीला जवळजवळ घासून, सावकाश. लोक झोपाळ्यासारखी फिरवतात, दोन्ही टोकांना वर उचलली जाते, तिथे तुमचे तीन इंच गेले. केरसुणी धरतात तशी फिरवा. प्रत्येक फेरा आधीच्या निम्म्या फेऱ्यावर चढला पाहिजे. आमचा एक मावसभाऊ तासाभरात अख्खं शेत "कव्हर" करतो, त्याला अजून काही मिळालेलं नाही.

आता ऐकणं. हेडफोनशिवाय खोलचं शोधूच नका. वरचं नाणं टण्णकन वाजतं, खोलचं नाणं शेजारच्या खोलीत कुणी वाटीला चमचा लावावा तसं. बारीक, गोल आणि परत परत त्याच जागी. एकदा वाजून गायब झालं तर सोडा. स्क्रीनवर धातू कुठला ते सांगणारा आकडा येतो, त्याच्याकडे बघू नका, सात-आठ इंचांखाली तो आकडा नाचतो, चांदीचं नाणं कधी लोखंड म्हणून दाखवतो. एक सोपी परीक्षा म्हणजे कॉइल दोन-तीन इंच वर उचलायची. डब्याचं झाकण, पत्र्याचा तुकडा अशी मोठी वस्तू असेल तर आवाज तसाच राहतो, खोल नाणं लगेच विझतं.

मग नव्वद अंशांत वळून दुसऱ्या बाजूनं फिरवा. गंजका खिळा बहुतेक एका बाजूनं गोड वाजतो आणि दुसऱ्या बाजूनं तुटतो, नाणं दोन्हीकडून सारखं. सगळेच हे सांगतात आणि बरोबर आहे, पण अर्धंच. वाड्याच्या बखळीत, जुन्या देवघराच्या मागे, एक जागा मी वर्षभरात तीनदा सोडली. एका बाजूनं फिरवलं की टिक-टिक असा दुहेरी आवाज, दुसऱ्या बाजूनं फुसका. खिळा, म्हटलं. चौथ्यांदा काकू वरून बघत होत्या, म्हणाल्या, "खिळाच असेल तर काढ ना एकदाचा, किती वेळ त्याच्या डोक्यावर उभा राहतोस?" त्यांना खिळा दाखवायला म्हणून खणलं. वरची चार इंच माती काढून परत फिरवलं तर दुहेरी आवाज एक झाला, गोल. नऊ इंचांवर, ढेकळात, व्हिक्टोरिया राणीचा तांब्याचा पाव आणा. आडवा नाही, उभा. भेगेत घसरला तसाच अडकून राहिलेला, काढल्यावर मातीत त्याच्या कडेचा चाकूनं कापल्यासारखा चरा तसाच होता. उभं नाणं कॉइलला आपला चेहरा दाखवत नाही, नुसती कड दाखवतं, म्हणून आवाज अर्धा आणि दोनदा. तर आपल्या काळ्या मातीत दुहेरी आवाज छोट्या जागेत, बोटभर अंतरात येत असेल तर तो खिळा म्हणून सोडू नका. पिनपॉइंट मोडवर (वस्तूची नेमकी जागा दाखवणाऱ्या) टाका, खिळ्याचा आवाज लांबट पसरतो, नाण्याचा आटोपशीर राहतो. शंका असेल तर चार इंच माती काढून परत ऐका. ही चार इंच काढून परत ऐकायची सवय मला बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

सराव करायचा तर अंगणात नाणं पुरून करा, पण आजचा एक रुपया पुरू नका, जसं सगळे सांगतात. तो स्टीलचा, चुंबकाला चिकटतो, मशीनला तो लोखंडच वाटतो. घरातला जुना तांब्याचा पैसा घ्या, चार, सहा, आठ इंचांवर, आणि जागेवर लाकडी खुंटी ठोका. खिळा नाही, लाकडी. मी खुंटी ठोकली नव्हती, पहिला पैसा अजून अंगणात आहे.

खणणं सोपं आहे. कॉइल आडवी आणि उभी फिरवून, क्रॉस करून मधला बिंदू पकडा, त्यापासून वीतभर बाजूनं पहार घाला, कधीही बरोबर वरून नाही, नाण्याला ओरखडा पडला की गेलं. वाफशावर मातीचा चौकोनी ठोकळा अखंड निघतो. माती जुन्या साडीवर टाका, तगारीत नको, तगारी लोखंडी असते आणि मग तीच वाजत राहते. नाणं खड्ड्यात नसेल तर ढेकळं एकेक करून कॉइलसमोरून फिरवा, वाजेल ते हातानं फोडा. हाताची अंगठी आधी काढा, हे मी एकदा अर्धा तास अंगठी शोधून शिकलो. खड्डा बुजवा, पायानं दाबा.

होळकरांचा सूर्याचा चेहरा असलेला चांदीचा रुपया मला अजून एकदाही मिळालेला नाही, नातेवाइकांना मात्र खात्री आहे की कपाटात त्याचा हंडा आहे. माझ्याकडे आहेत दोन पाव आणे, १९४३ ते ४७ मधले भोकाचे चार पैसे, आणि त्यांच्या अर्जांच्या पोचपावत्या. सापडलं की पाण्यात धुवायचं, सुकवायचं, कागदात गुंडाळून वर जागा आणि खोली लिहायची, बस. घासायचं नाही. दुसरा पाव आणा मी टेबलावर ठेवून अंघोळीला गेलो आणि आत्यानं तो चिंच-मिठानं घासून देवापुढे ठेवला, आता तो लखलखतो आणि त्याच्यावर राणी आहे की राजा हे कुणालाच सांगता येत नाही.