जोडप्यांचे फोटो काढताना मी केलेल्या या चुका टाळा

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर एका प्री-वेडिंगच्या वेळी मी तासभर त्या दोघांना पायऱ्यांवर उभे केले, बसवले, एकमेकांकडे बघायला लावले. आणि बॅटरी बदलण्यासाठी पाठ फिरवली नेमकी तेव्हाच मुलीने मुलाच्या नव्या कुर्त्याच्या कॉलरवर राहून गेलेले ४२ नंबरचे स्टिकर सोलून त्याच्या कपाळावर चिकटवले. मी वळलो तोवर तो हसत हसत ते काढत होता. ‘‘दादा, पुन्हा करून दाखवू का?’’ त्याने विचारले, आणि दोघांनी मनापासून करूनही दाखवले, पण या वेळी त्यांचे लक्ष माझ्याकडे होते. त्या दिवसाचा सर्वांत चांगला फोटो असा हुकला आणि दोष सर्वस्वी माझा होता.

पोझ संपली की कॅमेरा खाली ठेवणे, ही आपल्या धंद्यातील सर्वांत महागात पडणारी सवय आहे. आता मी बॅटरी निम्म्यावर आली की जागा बदलताना ती बदलून घेतो, दुसऱ्या कॅमेऱ्यावर ३५ मिमीची, म्हणजे जवळूनही रुंद दृश्य टिपणारी लेन्स कायम लावून ठेवतो आणि ‘झाले, थोडे थांबा’ असे सांगितल्यावरही मिनिटभर दोघांवरची नजर काढत नाही. ताठरलेले खांदे सैल पडतात ते याच मिनिटात.

दुसरी चूक त्याही आधी घडते. पहिल्या भेटीत आपण तारीख, दर आणि अल्बमची पाने एवढेच बोलतो आणि मग मोबाइलवर जतन केलेल्या दुसऱ्याच कुणाच्या पोझ या दोघांवर चढवतो. मी आता विचारतो की सुट्टीच्या सकाळी तुम्ही दोघे काय करता, चहा कोण ठेवते, रस्ता चुकल्यावर कोण चिडते. एका जोडप्याने रविवारची भाजी एकत्र आणतो असे सांगितले, म्हणून त्यांचे फोटो पुण्याच्या मंडईतच काढले. ती कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून पाहते आहे आणि तो पिशवीचे तोंड उघडे धरून निमूटपणे उभा आहे, या फोटोत मला ‘हसा’ असे एकदाही म्हणावे लागले नाही. (अशा ठिकाणी भाजीवाल्यांची परवानगी आधी घ्यावी आणि चार पैशांची भाजीही घ्यावी, गिऱ्हाइकाची वाट अडवून उभा राहिलेला फोटोग्राफर कोणालाच आवडत नाही.)

एकाचा चेहरा स्पष्ट आणि दुसऱ्याचा धूसर, ही तक्रार नवे फोटोग्राफर वारंवार करतात आणि लेन्सला दोष देतात. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स एफ १.८ वर (लेन्सचे छिद्र बरेच उघडे) ठेवून दोन मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६ सेंटीमीटर खोल असतो, आणि खांद्यावर डोके टेकवलेल्या जोडप्याच्या डोळ्यांमधले पुढे-मागे अंतर याहून सहज जास्त भरते. छिद्र लहान करून एफ ४ वर नेले की तोच पट्टा १३ सेंटीमीटरच्या आसपास जातो. पार्श्वभूमी धूसरच हवी असेल, तर दोघांना मागच्या भिंतीपासून लांब आणावे किंवा दोन्ही चेहरे लेन्सपासून सारख्या अंतरावर येतील असे वळवावे. चालत्या जोडप्यासाठी शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये.

प्रकाशाबाबत एवढेच सांगतो की मे महिन्याच्या मध्यास आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात आणि झाडाखाली नेले तर चेहऱ्यावर उन्हाचे कवडसे पडतात. दुपार टाळता येत नसेल, तर दोघांना एखाद्या भिंतीच्या अखंड सावलीत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसवावे. हिरवळीवर बसवल्यास मात्र हनुवटीखाली हिरवी झाक येते आणि ती नंतर काढता काढता जीव जातो.

स्थळाचा मोह हाही एक दोषच. मेणवलीला वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे, आणि सुरुवातीच्या काळात मी प्रत्येक जोडप्याला तिच्यापुढे उभे करत असे. ते सगळे फोटो आज पाहिले की घंटा तेवढी ओळखू येते.

शेवटचा घोटाळा एडिटिंगमध्ये होतो. त्वचा उजळ करून द्या, अशी मागणी बहुधा नातेवाइकांकडून येते आणि आपणही ती मुकाट्याने पाळतो. असाच एक अल्बम दिल्यावर मुलीच्या वडिलांनी पहिलेच पान उघडून विचारले, ‘‘ही कोण?’’ प्रश्न थट्टेचा नव्हता. तो सगळा अल्बम मी स्वखर्चाने पुन्हा छापून दिला. तेव्हापासून मी आधी व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसेल असा रंगांचा तोल) नीट करतो, कारण पिवळ्या बल्बखाली बिघडलेला रंग पुष्कळदा तेवढ्यानेच सुधारतो. चार दिवसांत जाणारा मुरूम मी न विचारता पुसतो, पण तीळ, व्रण किंवा खळी यांना हात लावण्याआधी त्या दोघांना विचारतो, आणि आजवर एकदाच ‘काढा’ असे उत्तर आले आहे.