सापाला माइट्स झालेत? आधी हातातली स्प्रेची बाटली खाली ठेवा

पावसाळा लागला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचा फोटो येतो. पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसलेला बॉल पायथन (पाळला जाणारा आफ्रिकेतला छोटा अजगर) आणि खाली प्रश्न, 'दादा, याला गरम होतंय का?'

कात टाकायच्या आधी साप पाण्यात बसतो, उकाड्यातही बसतो. पण दोन-दोन दिवस भांड्यातून हलत नसेल तर तो बहुतेक वेळा अंगावरचे माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, बुडवायला बघतोय. भांड्यातलं पाणी पांढऱ्या वाटीत ओता. तळाशी काळ्या मिरीच्या भरडीसारखे ठिपके दिसले की मला फोटो पाठवायची गरज नाही. मग हनुवटीखालची घडी आणि डोळ्याभोवतीची खाच टॉर्च मारून बघा. अंगावर पिठी सांडल्यासारखे पांढरे कण असतील तर ती त्यांची विष्ठा. ओला पांढरा टिश्यू अंगावरून फिरवा आणि त्यावर आलेला ठिपका नखाने चिरडा. रक्ताचा डाग पडला तर विषय संपला.

उलट, खाली अंथरलेल्या ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या भुशावर) फिकट रंगाचे बारीक किडे रमतगमत फिरत असतील आणि सापावर एकही नसेल, तर ते मातीतले किडे आहेत. ते सापाला चावत नाहीत. त्यांच्यासाठी घर डोक्यावर घेऊ नका.

साप धुतला, टब तसाच ठेवला

ही माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः केली आहे. भांडुपच्या वन बीएचकेमध्ये सुताराकडून प्लायचा रॅक करून घेतला होता. वरच्या खणात टबात, म्हणजे झाकणाच्या पेटीत, बॉल पायथन. ऐन जुलैत एक कॉर्न स्नेक (पाळला जाणारा बिनविषारी साप) घेतला आणि 'दिसतोय तर छान' म्हणून थेट खालच्या खणात ठेवला. दहाव्या दिवशी पायथन भांड्यात जाऊन बसला. मी त्याला कोमट पाण्यात बुचकळलं, कापसाने पुसलं, अंगावरचे माइट्स पाण्यात तरंगताना बघून खूश झालो आणि त्याला त्याच टबात परत सोडलं. दोन आठवड्यांत पहिल्यापेक्षा जास्त. पुन्हा आंघोळ, पुन्हा तेच. बायको म्हणाली, 'तुझ्या सापाची दिवाळी रोजच चाललीय.'

तिसऱ्या खेपेला डोकं चाललं आणि रॅकच्या सांध्यांत टॉर्च मारला. स्क्रूच्या भोकांत, टबाच्या झाकणाच्या कडेखाली, प्लायच्या पापुद्र्यांत सगळी वस्ती तिथेच.

सापावरचा हा नेहमीचा माइट, ऑफिओनिसस नॅट्रिसिस, सापावर फक्त जेवायला येतो. मादी रक्त पिऊन फुगली की उतरते, अंधारी दमट फट शोधते आणि तिथे अंडी घालते. एक मादी आयुष्यात ६० ते ८० अंडी सहज घालते. ती एक ते चार दिवसांत फुटतात आणि आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतचा सगळा फेरा दोन-अडीच आठवड्यांत उरकतो. त्यांना कोरडी हवा सोसत नाही, म्हणजे ८०-९० टक्के आर्द्रतेची जुलैतली मुंबई म्हणजे त्यांचं माहेरच. तेव्हा आंघोळीत मेले ते फक्त त्या वेळी जेवायला बसलेले.

मी काय करतो ते सांगतो. जुनं सब्सट्रेट, म्हणजे टबात खाली अंथरलेलं, पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर. सोसायटीच्या कुंड्यांत नाही, कचऱ्यात. टब, भांडं, प्लास्टिकचं हाइड (सापाची लपायची जागा) कडकडीत गरम पाण्याने आणि साबणाने घासायचं, कडांवरून जुना टूथब्रश फिरवायचा, ऊन असेल तर उन्हात, नसेल तर पंख्याखाली पूर्ण वाळवायचं. लाकडी काहीही असेल तर टाकून द्या. मी तो प्लायचा रॅक भंगारवाल्याला दिला नाही, तोडून फेकला. सुताराचे पैसे गेले. तेव्हापासून माझ्याकडे फक्त गुळगुळीत प्लास्टिकचे टब आहेत आणि माइट्सच्या काळात खाली साधा वर्तमानपत्राचा कागद, एक दिवसाआड बदलायचा. दिसायला दळभद्री दिसतं, पण काळा ठिपका लगेच कळतो. सजावट नंतर करा. नव्या लोकांना आधी खोट्या वेली आणि कवट्या लावायच्या असतात, कागद बघून त्यांचा चेहरा पडतो.

झुरळांचा स्प्रे

लालबागचा एक मुलगा, विशीतला, मनाने चांगला. रात्री अकराला फोन, 'दादा, साप उलटा पडतोय, सरळच होत नाहीये.' काय मारलंस विचारलं तर आधी 'काहीच नाही'. मग 'थोडंसं'. स्वयंपाकघरातला झुरळांचा स्प्रे त्याने टबात फवारला होता आणि माइट्स पळू नयेत म्हणून झाकण लावलं होतं. पाण्याचं भांडं आतच. मी पोचलो तेव्हा साप मान वाकडी करून थरथरत होता. आम्ही त्याला बाहेर काढून धुतलं, उघड्या हवेत ठेवलं, सकाळी डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. सकाळ त्याने पाहिली नाही. माइट्स मात्र मेले होते, सगळेच्या सगळे.

कुत्र्याच्या गोचिडांची पावडर, डांबरगोळ्या, रॉकेल, कडुनिंबाचं तेल हे सगळं याच खात्यात. सापासाठी औषध वापरलं जातं, नाही असं नाही. फिप्रोनिल काही डॉक्टर कपड्यावर घेऊन पुसायला सांगतात, आयव्हरमेक्टिनही देतात. पण किती, कसं आणि किती वेळा, हे सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरने ठरवायचं. त्याच घरात कासव असेल तर आयव्हरमेक्टिन त्याच्या जवळपासही नको, कासवांना ते मारक आहे. मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक नको, तिचा जीव जातो.

डॉक्टरकडे न जाण्याचं खरं कारण पैशांचं नसतं, कागदपत्रांचं असतं. बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, त्याची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ती नाही म्हणून लोक घरीच प्रयोग करतात आणि साप मरतो. धामण किंवा आपला अजगर पाळणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, मला फोन करू नका.

आता बारीकसारीक. आंघोळीचं पाणी कोमट आणि सापाच्या जाडीच्या निम्म्यापर्यंतच ठेवा, वीस मिनिटं, आणि तिथेच बसून राहा, मोबाइल घेऊन बाल्कनीत जाऊ नका. बुडायला लागले की माइट्स सापाच्या डोक्याकडे धावतात, ते ओल्या कापसाने टिपा. डोळ्यावरचा माइट चिमट्याने ओढू नका. माइट्सना कोरडं करायचं म्हणून सापाचं पाणी बंद करू नका. सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल तर टब उचलून मित्राकडे न्या, 'साहेब, वास येत नाही हे' यावर विश्वास ठेवू नका. आजारी साप हाताळून त्याच शर्टात दुसऱ्याला हात लावू नका. आणि नवा साप वेगळ्या खोलीत, कागदावर, किमान दोन महिने. वेगळी खोली नाही? मुंबईत कोणाकडे असते. मग बाथरूमच्या माळ्यावर, मित्राकडे, कुठेही, पण जुन्याच्या शेजारी नाही. दुकानदार 'एकदम क्लीन आहे' म्हणाला म्हणून एक दिवसही कमी करू नका.

मोजणी शेवटचा माइट दिसला त्या दिवसापासून. सहा आठवडे स्वच्छ गेले की मी थांबतो, मध्ये एक जरी दिसला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. हिशोब कालनिर्णयवर लिहितो, कारण मोबाइलमधलं मी विसरतो. परवा आई महिन्याचं दूध मोजत होती. एकादशीच्या चौकोनात तिच्या अक्षरात 'दूध १ लि.' आणि खाली माझ्या अक्षरात 'पायथन, हनुवटी, २'. तिने चष्म्यावरून बघून विचारलं, 'हे दोन लिटर का?'